होल्डवरची बासरी

१

तेरा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नव्हता त्या सागर नलवडेचा आवाज एका मंगळवारी दुपारी त्याच्या वडिलांच्या टेबलावरच्या फोनमधून आला. आणि फोनच्या पट्टीवर आकडा होता एकवीस, म्हणजे त्यांच्याच हुबळीच्या गोदामाचा.

विठ्ठलराव नलवडे दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लीला नाडगीरला बोलावून घेतलं.

लीला धारवाडच्या कोर्टात दिवाणी दावे चालवायची. सप्तापुरातल्या नलवड्यांच्या घराची पायरी ती १९९४ नंतर चढली नव्हती. खाली 'नलवडे पंप्स'चं ऑफिस, वर घर. ऑफिसात आता काचेच्या भिंती आल्या होत्या, कॉम्प्युटर आले होते. काचेपलीकडच्या खोलीत अप्पा मात्र त्याच जुन्या लाकडी खुर्चीत बसले होते.

"दावा लावायचा असेल तर माझ्यापेक्षा मोठे वकील आहेत, अप्पा," लीला उभ्यानंच म्हणाली.

"वकील नको मला. त्याचा आवाज ओळखणारं माणूस पाहिजे. तसे किती उरलेत आता? मी, त्याची आई, किरण. आणि तू. बस."

ती बसली.

"गोदामातनं गणपतचा फोन असेल म्हणून उचलला," अप्पा सांगू लागले. "तर तो. 'अप्पा… मी सागर.' एवढंच. आणि मग बासरी वाजायला लागली. मला वाटलं, माझाच जीव चाललाय. मग तीही थांबली. मी लगेच एकवीस नंबर लावला. नुसता वाजत राहिला. कुणी उचलला नाही."

'अप्पा' म्हटल्यावर त्यांनी जेवढा वेळ घेतला तो लीलानं लगेच ओळखला. सागर असाच बोलायचा. आधी हाक मारायचा, मग उंबऱ्यात थांबल्यासारखा थांबायचा, मग पुढचं. कॉलेजच्या चढावर मागून 'लीला…' अशी हाक यायची आणि ती थांबून पुढच्या शब्दाची वाट बघायची.

"किरण म्हणतो, ही गणपतची नक्कल आहे," अप्पांचा आवाज चढला. "गणेशचतुर्थीला मंडपात करतो तो सगळ्यांच्या नकला. तीस वर्षं जेवला तो या घरात. त्यानं केलं असेल तर सोमवारी त्याला बाहेर काढतो आणि पोलिसांत देतो. पण आधी तू मला खात्रीनं सांग. ते खोटं होतं, एवढं सिद्ध कर."

ते खरं असावं असं लीलाला इतकं वाटत होतं, की तिनं त्यावर विश्वास ठेवायचा नाही असं तिथंच ठरवलं.

बाहेर सागरच्या धाकट्या भावाची, किरणची, बायको प्रिया तिला गाठायला थांबलीच होती. "लीलाताई, ते खरंच सागरभाऊजी होते का हो? मी तर त्यांना बघितलेलंसुद्धा नाही." हिशेबाच्या टेबलावरची मुलगी, पूजा, तिनंही तेच विचारलं. वरून सागरची आई सुशीलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी लीलाच्या केसांवरून हात फिरवला, "वाळलीस गं," म्हणाल्या, आणि साखर पुरे का ते विचारलं.

चहा पिऊन लीला बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर काहीतरी खटकत होतं, पण काय ते तिला सांगता आलं नसतं.

२

हुबळीला निघण्याआधी तिनं नलवड्यांच्या तिथल्या दुकानात फोन केला. तिथल्या मुलीनं "किरणसाहेबांना देते, थांबा हं," म्हटलं आणि कानात खेळण्यातल्या घड्याळासारखी टिंगटिंग सुरू झाली. मग किरण आला.

दुकान लॅमिंग्टन रोडच्या एका बोळात होतं, आणि मागच्या अंगाला गोदाम. किरण तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. पूर्वी सागरच्या सायकलीच्या दांडीवर बसून तो त्यांच्यामधे लुडबुडायचा. आता त्याचे केस विरळ झाले होते.

"तुला यात ओढायला नको होतं, लीलाक्का," तो म्हणाला. "दादा नाही असं धरूनच आम्ही जगायला शिकलो. मीही शोधलं की त्याला. बेळगाव, सांगली, मुंबई. अप्पांना न सांगता. काही हाती लागलं नाही. आता हे असलं कुणीतरी करतंय आणि अप्पा रात्रंदिवस त्या फोनकडं बघत बसतात."

"तू त्या दुपारी कुठं होतास?"

"माझ्यावर संशय आहे तर. असू दे. वादिराजबरोबर खानावळीत जेवत होतो. फोनची मशीनं त्यानंच बसवलीत. विचार त्याला."

गणपत गोदामात पंपांच्या खोक्यांमधे बसला होता. साठीचा, अंगानं बारका माणूस. टेबलावर फोन, शेजारी घरून आणलेला चहाचा थर्मास. लीलाला बघून तो उठून उभा राहिला.

"वकीलबाई, मंडपात मी सगळ्यांच्या नकला करतो. अप्पांच्यासुद्धा करतो, अप्पा हसतात. सागरअण्णांची कधी केली न्हाई. ती करवत न्हाई मला."

"मग त्या वेळी या फोनवरून कोण बोललं?"

"मी न्हवतो. चहाला गेलतो बाहेर."

लीलानं थर्मासकडं पाहिलं. गणपतनंही पाहिलं आणि मान खाली घातली.

"गणपतअण्णा, सोमवारी तुमची नोकरी जाईल. पोलीस येतील."

"येऊ देत की." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता. "मला ठावं हाय मी काय केलं आणि काय न्हाई. तुम्ही मला काही विचारू नका, अव्वा. तुम्ही तर विचारूच नका."

'तुम्ही तर' हे त्यानं असं म्हटलं की लीला तिथंच थबकली. खोटं बोलणारी माणसं तिनं कोर्टात पुष्कळ पाहिली होती. हा माणूस स्वतःला वाचवण्यासाठी खोटं बोलत नव्हता.

३

वादिराजचं दुकान म्हणजे वायरींच्या भेंडोळ्यांत ठेवलेल्या दोन खुर्च्या. तो इंजिनिअर होता, तरुण होता आणि आपल्या मशीनवर कुणी शंका घेतलेली त्याला खपत नव्हती.

"हो, किरणसर माझ्याबरोबरच जेवत होते. आणि मॅडम, नंबर चुकीचा दाखवत नाही मशीन. एकवीस म्हणजे एकवीस."

"म्हणजे बोलणारा माणूस गोदामातच असला पाहिजे?"

वादिराज डोकं खाजवत राहिला. "असं नाही म्हणता येणार. हे बघा. हुबळीला एक मशीन, धारवाडला एक. दोन्ही इंटरनेटनं जोडलेली. आता तुम्ही मुंबईहून हुबळीला फोन केला आणि गणपतअण्णांनी उचलला. तुम्हाला धारवाडला कुणाशी तरी बोलायचंय. ते एक बटण दाबतात आणि तुमचा फोन इंटरनेटवरून धारवाडच्या हवाली करतात. तिथं मुंबईचा नंबर दिसायला पाहिजे. पण या दोन मशीनांचं तेवढं जमत नाही. तुमचा नंबर हुबळीतच गळून पडतो आणि धारवाडला दिसतो एकवीस. ज्यानं फोन पुढं दिला त्याचा."

लीला खुर्चीत पुढं सरकली.

"म्हणजे बोलणारा कुठंही असू शकतो."

"कुठंही. दुबईत, दिल्लीत. दुपारी दुकानातले जेवायला गेले की बाहेरचे फोन आपोआप गोदामातच वाजतात."

मग नक्कल नव्हतीच. सागर कुठूनतरी बोलला होता, गणपतनं तो फोन अप्पांकडं दिला होता. पण मग गणपत तसं सांगत का नाही? वडिलांना मुलगा मिळवून देणाऱ्यानं घाबरायचं कशाला? आणि बोलणं तुटलं कसं?

"लाइन अशी मधेच जाते का?"

"गेली तर सरळ जाते. आवाज बंद, बस."

"बासरी वाजून?"

"बासरी?" वादिराज हसला. "ते तर होल्ड. कुणीतरी होल्डचं बटण दाबलं की वाजतं ते."

लीला उठली. दुकानात फोन केला तेव्हा तिला बासरी ऐकू आली नव्हती, टिंगटिंग ऐकू आली होती. तिनं वादिराजच्या फोनवरून धारवाडचं ऑफिस लावलं. प्रियानं उचलला.

"प्रिया, जरा थांबवून ठेव मला. होल्डवर. कारण मग सांगते."

खट् झालं. आणि लीलाच्या कानात हळुवार बासरी वाजू लागली.

४

"बासरी किरणसरांनी घालून घेतली, धारवाडच्या मशीनात," वादिराज म्हणाला. "हुबळीच्यात कंपनीनं दिलेली तीच धून राहिली. ज्या मशीनवरचा माणूस होल्ड दाबतो त्या मशीनचं संगीत वाजतं."

"म्हणजे अप्पांचं बोलणं गणपतअण्णांनी तोडलं नाही."

"नाही. त्यांनी दाबलं असतं तर टिंगटिंग ऐकू आली असती. धारवाडच्याच कुणीतरी दाबलं. गणपतअण्णांनी फोन दिला त्याला, त्यानं अप्पांना दिला आणि स्वतः मधे राहिला. एकाच मशीनच्या आत नंबर गळत नाही, म्हणून शेवटपर्यंत एकवीसच दिसणार."

धारवाडला परतणाऱ्या बसमधे लीला खिडकीशी बसली होती. नवलूरचे पेरूवाले चढले, उतरले, तिला काही कळलं नाही. सागर जिवंत होता. हे तिनं स्वतःशी एकदाच म्हटलं आणि लगेच बाजूला ठेवलं, कारण पुन्हा म्हटलं असतं तर पुढचा विचार करता आला नसता.

धारवाडच्या ऑफिसात गेल्यावर तिनं अप्पांना एकच विचारलं, "त्या वेळी काचेतून बाहेर काय दिसत होतं?"

"प्रिया दिसत होती. एक शेतकरी आलता, त्याला पंप दाखवत होती. मी हाक मारणार होतो, पण आवाज फुटला नाही."

"पूजा?"

"तिला मीच टपालात पाठवलं होतं."

प्रिया नाही. पूजा नाही. किरण हुबळीत जेवत होता. लीला बाहेर आली.

"प्रिया, या मशीनवर एकूण फोन कुठं कुठं आहेत?"

"माझा, पूजाचा, अप्पांचा, यांचा. आणि वर स्वयंपाकघरात. अप्पांची पथ्याची भाकरी झाली की सांगायला." प्रिया हसली. सासूला ती 'अत्ती' म्हणायची. "अत्तींना मी शिकवलं सगळं. फोन घ्यायचा कसा, खाली द्यायचा कसा. छान जमतं त्यांना."

तेव्हा लीलाला कळलं, पहिल्या दिवशी काय खटकलं होतं ते. त्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकानं तिला विचारलं होतं, तो खरंच सागर होता का. फक्त सागरच्या आईनं तेवढं विचारलं नव्हतं.

५

सुशीलाबाई मेथी निवडत होत्या. लीला त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि जुडीतल्या चार काड्या हातात घेतल्या.

"कधीपासून येतो फोन, काकू?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "वर्ष होत आलं. मशीन बसलं तेव्हापासून. त्यानं दुकानात लावला, गणपतनं उचलला. गणपत रडला, मग त्यानं मला दिला. इथं, या फोनवर. बिल येत नाही, वाजला तर खाली ऐकू जात नाही. त्याआधी कसं जमणार होतं? घरचा फोन यांच्या उशाशी."

"कुठं असतो?"

"विशाखापट्टणम. बंदरात काम आहे." त्या थांबल्या. लीलाकडं न बघता म्हणाल्या, "लग्न केलंय त्यानं, बाळ. मुलगी आहे सहा वर्षांची."

लीलानं मेथीचं एक पान खुडलं. मग दुसरं. रस्त्यावर कुणीतरी कानडीत भाजी ओरडत गेलं.

"मला का सांगितलं नाही?"

"काय तोंडानं सांगू? तू त्याच्यासाठी थांबलीस हे मला ठाऊक होतं. त्याला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पुन्हा फोन करायला लाजला असता, आणि मला त्याचा फोन पाहिजे होता गं. स्वार्थी आहे मी." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा म्हटलं, अप्पांशी बोलू का? मुलगी विचारते, आजोबा कुठं असतात. मी म्हटलं, थांब. यांचा नंबर लावला, दोघांना जोडलं. पण फोन खाली ठेववेना. ऐकत राहिले."

"आणि तुम्हीच होल्ड दाबलंत."

"हो."

"कशासाठी? इतकी वर्षं वाट पाहून?"

सुशीलाबाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली. त्यांना आपल्या नवऱ्याबद्दल बोलायचं नव्हतं, हे लीलाला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्यापुढचं तिचं तिलाच उलगडलं.

ती उठली आणि जिना उतरून अप्पांच्या खोलीत गेली.

६

"अप्पा, तुम्ही मला सगळं सांगितलं नाही."

"सांगितलं की. 'अप्पा, मी सागर' म्हणाला, आणि बासरी—"

"मधलं राहिलं. तो तुमच्याशी बोलला आणि तुम्ही गप्प होता, असं होणार नाही. वाट पाहून पाहून थकलेल्या आईनं बटण उगाच दाबलं नाही. पोराच्या कानावर काहीतरी पडू नये म्हणून दाबलं. तुम्ही काय बोललात?"

"आई?" अप्पांनी खुर्चीचा हात धरला. "सुशीला होती फोनवर?"

लीलानं त्यांना सगळं सांगितलं. गणपतनं फोन कसा घेतला, वर कसा दिला, कुणासाठी तो गप्प राहिला. सागर कुठं आहे, आणि त्याला मुलगी आहे हेही. शेवटी अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझा सागर मेला," ते म्हणाले. "असं बोललो मी. 'कोण सागर? माझा सागर मेला.' ते का आलं तोंडातनं, मला सांगता येत नाही. तेरा वर्षं त्याच्याशी काय बोलायचं ते रोज मनात घोळवत होतो, आणि आलं ते हे." त्यांनी टेबलावरचा फोन दूर सारला. "नक्कलच आहे असं तू सिद्ध करशील म्हणून बोलावलं मी तुला. नक्कल असती तर मी त्याला तसं बोललो नसतो ना."

दारात सुशीलाबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"त्यानं ऐकलं का?" अप्पांनी विचारलं.

"काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "लाइन गेली असं त्याला सांगायला मी परत फोनवर आले, तर पलीकडं कुणी नव्हतं. त्याचा नंबर त्यानं कधी दिला नाही. बूथवरनं करायचा. आता करतो की नाही, देव जाणे."

"गोदामात करायचा ना?" अप्पा उठले. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

७

त्यानंतर विठ्ठलराव नलवडे रोज सकाळी हुबळीला जाऊ लागले. गोदामात गणपतशेजारी दुसरी खुर्ची आली. पहिल्या दिवशी अप्पांनी गणपतसमोर हात जोडले, तेव्हा गणपत "एनु माडतीरी, अप्पा! हे काय करता!" म्हणत खोक्यामागं पळाला. नंतर दोघं थर्मासमधला चहा वाटून प्यायचे आणि फोन वाजला की एकदम गप्प व्हायचे. कधी बेळगावचा व्यापारी असायचा, कधी राँग नंबर.

सुशीलाबाई स्वयंपाकघरातल्या फोनपासून हलत नसत. किरण दिवसातून दहादा गोदामात डोकावायचा आणि न बोलता परत जायचा. लीला कोर्टातून मोकळी झाली की हुबळीची बस धरायची. आपण कशासाठी जातो हे ती स्वतःला विचारत नव्हती. सागर दुसऱ्या कुणाचा झाला होता, बाप झाला होता. तरी तो आवाज आहे, कुठल्याशा बंदरावर कुणाला तरी हाका मारतोय, एवढं कळल्यापासून तिला आपल्या खोलीत बसवत नव्हतं.

दसरा गेला. थंडी पडायला लागली. एकदा गणपत हळूच म्हणाला, "आता न्हाई करत तो." अप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो उठून खोकी लावायला लागला.

एका दुपारी लीला येऊन नुकती टेकली होती. फोन वाजला. गणपतनं उचलला, "नलवडे पंप्स" म्हटलं, आणि त्याचा चेहराच पालटला. त्याचा हात सवयीनं फोन पुढं द्यायच्या बटणाकडं गेला. मग तो थांबला. त्यानं कानाला लावलेला रिसीव्हर काढून शेजारच्या खुर्चीकडं केला.

अप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"सागर. मी अप्पा."

गोदामात इतकी शांतता होती की पलीकडचा आवाज आला तेव्हा तो लीलालाही ऐकू आला.

"अप्पा… त्या दिवशी तुम्ही बोललात ते ऐकलं मी."

"ऐकलंस? मग आता हेही ऐक. चुकलं माझं. तेव्हाही चुकलं, त्या दिवशीही. तू ये. पोरीला घेऊन ये, तिच्या आईला घेऊन ये. नाही जमलं तर मी येतो, पत्ता सांग. पण फोन ठेवू नको."

पलीकडून काही उत्तर आलं, ते लीलाला कळलं नाही. अप्पा नुसते "हं, हं," करत होते आणि टोपीनं डोळे पुसत होते. गणपत किरणला बोलवायला दुकानाकडं धावला होता.

मग अप्पांनी मान वर केली. सागर घर सोडून गेला त्या दिवशी बोळातल्या दुकानात, चारचौघांसमोर ज्या हातानं त्यांनी मुलाच्या थोबाडीत मारली होती, कारण त्यानं नाडगीर वकिलांच्या मुलीचं नाव घेतलं होतं, तो हात त्यांनी लीलाकडं पुढं केला. हातात रिसीव्हर होता.

"लीला आहे इथं," ते फोनमधे म्हणाले. "तिनंच शोधलं सगळं." आणि तिला म्हणाले, "घे, पोरी."

ती घेणार नव्हती. तिनं घेतला.

"लीला…"

तो थांबला. ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली, पण पुढचा शब्द त्याला सापडत नव्हता. तिला विचारायच्या गोष्टी इतक्या होत्या की त्यातली एकही आता विचारण्यासारखी राहिली नव्हती.

"मुलीचं नाव काय ठेवलंस?" तिनं विचारलं.

"मैथिली."

"कितवीत आहे?"

"पहिलीत." तो जरासा हसला. "तेलुगू बोलते घरी. मराठी समजते, पण बोलायला लाजते."

"असं?" लीला म्हणाली. तिनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि तो बोलत राहावा म्हणून पुढचा प्रश्न विचारला.